पुलाचे पैसे एकदा दिले होते

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, त्या दिवशी ठाण्याहून नणंदबाईंचा व्हिडिओ कॉल आला. स्वारी खुशीत होती. ‘मुलुंडला माहेरी जायचं तर येता-जाता पैसे मोजायचो, सुटलो एकदाचे! तुम्हाला काय म्हणा त्याचं, तुमच्या अमेरिकेत सगळे रस्ते गुळगुळीत आणि फुकट.’ मी काही बोलले नाही. फोन घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि गाडीच्या काचेला आतून चिकटवलेला टॅग त्यांना दाखवला. ‘हे काय?’ ‘तुमच्या फास्टॅगचा अमेरिकन चुलतभाऊ.’ त्या दोन मिनिटं गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, ‘अगंबाई, म्हणजे तिकडेही नाके आहेतच की!’

नाके नाहीत. वर कमानीला कॅमेरे असतात, गाडी खालून तशीच सुसाट जाते आणि पैसे खात्यातून कापले जातात. पण टोल आहे, आणि टोलविरोधही आहे. आम्ही राहतो त्या ऑस्टिन शहरात, टेक्सासमध्ये, हा वाद वीस वर्षांपूर्वी असा पेटला होता की शेजारी शेजाऱ्याशी भांडत होता. त्या वादात तीन मिनिटांपुरती मीही होते. ती गोष्ट आज सांगायची आहे, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण अशाच वाढत्या शहरांच्या कडेला घरं घेऊन राहताय.

आम्ही २००१ साली इथे आलो. ऑस्टिन तेव्हा साडेसहा लाखांचं शहर होतं. २०२० च्या जनगणनेत ते साडेनऊ लाखांच्या पुढे गेलं, आणि आजूबाजूची गावं धरली तर साडेबारा लाखांचे जवळजवळ तेवीस लाख झाले. माणसं आली, कंपन्या आल्या, रस्ते मात्र होते तेच. शहराच्या पश्चिम अंगाने दक्षिणोत्तर जाणारा एक रस्ता आहे, मोपॅक. मिसूरी पॅसिफिक या रेल्वेचं ते छोटं नाव, रुळांच्या कडेने रस्ता गेला म्हणून तेच चिकटलं. आमचं घर दक्षिणेला, माझं ऑफिस उत्तरेला, नवऱ्याचं त्याच्याही पुढे राउंड रॉकला. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. त्याचं पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद व्हायचं आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाला एक डॉलर दंड. मोपॅकवर घराच्या थोडं अलीकडे विल्यम कॅनन नावाच्या रस्त्याचा सिग्नल होता. त्या सिग्नलला अडकून मी किती डॉलर घालवले याचा हिशेब ठेवला नाही, ठेवला असता तर रडूच आलं असतं.

म्हणून त्या चौकावर पुलाचं काम सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. रोज जाता-येता खांब किती वर आले ते बघायचे. मुलालाही दाखवायचे, ‘बघ, आईचा पूल!’

आणि २००४ च्या उन्हाळ्यात बातमी आली की शहराभोवतीच्या बऱ्याच रस्त्यांवर टोल लावायचा आराखडा तयार झाला आहे, आणि त्यात हा पूलही आहे.

त्याच आठवड्यात शेजारचे आजोबा दाराशी आले. जन्म टेक्सासचा, डोक्यावर हॅट, हातात सह्यांचा कागद. टोलच्या बाजूने असलेल्या महापौरांना आणि काही नगरसेवकांना परत बोलवावं, अशी मोहीम निघाली होती. मी म्हटलं, ‘मला सही करता येणार नाही. मी मतदार नाही, व्हिसावर आहे.’ त्यांनी कागदाची घडी घातली. ‘गाडीत पेट्रोल कोण भरतं?’ ‘मीच.’ ‘मग कर कोण भरतं?’ मला उत्तर सुचेना. ते म्हणाले, ‘सही नको. सभेला ये आणि बोल. बोलायला मत लागत नाही, इथे राहत असलीस की पुरे.’

खरं सांगते, पेट्रोलमध्ये रस्त्याचा कर असतो हे मला तोवर धड माहीतच नव्हतं. त्या रात्री बसून समजून घेतलं. टेक्सासमध्ये गॅलनमागे राज्याचा कर वीस सेंट आणि केंद्राचा १८.४ सेंट. बारा गॅलनची टाकी भरली की साडेचार डॉलरच्या वर कर गेला. हा पैसा मुख्यतः रस्त्यांसाठी. आमचा पूल त्याच करातून उभा राहत होता. म्हणजे पैसे एकदा दिलेले होते, आणि पूल झाल्यावर त्यावरून जायला पुन्हा द्यायचे होते. आजोबांचा राग टोलवर नव्हता, या ‘पुन्हा’वर होता. नवा रस्ता कर्ज काढून बांधा आणि टोल लावा, ज्याला जायचंय तो जाईल. पण करातून झालेल्या रस्त्यावर गल्ला ठेवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसरा मुद्दा नकाशा नीट बघितल्यावर कळला. टेक्सासमध्ये हमरस्त्याच्या दोन्ही कडांना समांतर रस्ते असतात, त्यांना फ्रंटेज रोड म्हणतात. दुकानं, पेट्रोलपंप, शाळा सगळं त्या कडेच्या रस्त्यावर. आराखड्यात बऱ्याच ठिकाणी मधल्या वेगवान लेनवर टोल आणि फुकटवाल्यांसाठी हा कडेचा रस्ता, अशी मांडणी होती. कागदावर ‘मोफत पर्याय उपलब्ध आहे’. प्रत्यक्षात त्या पर्यायावर दर थोड्या अंतराने एक सिग्नल. सहाच्या आत पाळणाघर गाठणाऱ्या बाईला तो पर्याय म्हणजे नुसता शब्द.

घरी मी सभेला जायचं म्हटल्यावर नवऱ्याचं तोंड उतरलं. ग्रीन कार्डचा अर्ज नुकताच कुठे सुरू झाला होता. ‘उगाच नाव कुठेतरी नोंदलं जाईल. आपण इथे पाहुणे आहोत गं.’ त्याची भीती खोटी नव्हती. आपल्यापैकी किती जणांनी हे वाक्य ऐकलंय किंवा म्हटलंय! दोन दिवस मीही डळमळले. मग वाटलं, पाहुण्याकडून कोणी दर आठवड्याला साडेचार डॉलर घेतं का?

सभेला गेले. या भागाच्या रस्त्यांचे आराखडे ठरवणारं एक प्रादेशिक नियोजन मंडळ असतं. त्यात तेव्हा गावोगावचे महापौर, नगरसेवक, काउंटीचे पदाधिकारी, आमदार असे लोक बसायचे. रस्त्याच्या नशिबाचा निकाल नगरपालिकेत नव्हे, तर तिथे लागतो, हेही मला नवीन होतं. बाहेर पाटीवर नाव लिहायचं, नंबर आला की माइकसमोर जायचं, समोर घड्याळ उलटं चालत असतं. हॉल खच्चून भरला होता. हॅटवाले, टायवाले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. माझ्या आधी एक बिल्डर बोलला टोलच्या बाजूने, त्याच्या आधी एक शिक्षिका विरोधात. माझा नंबर आला तेव्हा घशाला कोरड पडली होती. कोल्हापूरच्या मुलींचा आवाज खणखणीत असतो म्हणतात, माझा त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे. मी एवढंच सांगितलं की हा पूल मी रोज बघते, त्याचे पैसे मी पंपावर दिलेत, माझं पाळणाघर सहाला बंद होतं, आणि मी कडेच्या रस्त्याने गेले तर पोचणार नाही, पुलावरून गेले तर दोनदा पैसे देईन. यातलं काय निवडू ते मला सांगा. घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. मी खाली बसले.

मंडळाने जुलै २००४ मध्ये तो आराखडा मंजूर केला. आम्ही हरलो. महापौरांना परत बोलवायच्या मोहिमेलाही पुरेशा सह्या जमल्या नाहीत. पण लोक घरी बसले नाहीत, कुरबुर वाढतच गेली, आणि पुढे विल्यम कॅननचा पूल टोलच्या यादीतून निघाला. माझ्या तीन मिनिटांमुळे निघाला असं मी अजिबात म्हणणार नाही. हजारो लोकांच्या तीन-तीन मिनिटांमुळे निघाला असेल. आणि हो, माझ्या ग्रीन कार्डाला काहीही झालं नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे प्रचाराचं पत्रक होईल. टोल मागणारे काही लुटारू नव्हते. त्यांचं गणित सरळ होतं. टेक्सासचा तो वीस सेंटांचा कर १९९१ पासून वाढलेला नाही, केंद्राचा १९९३ पासून नाही. शिवाय राज्याच्या करातला चौथा हिस्सा राज्यघटनेप्रमाणे शिक्षणाकडे जातो. सिमेंट महागलं, मजुरी महागली, गाड्या कमी पेट्रोलवर जास्त पळू लागल्या, गल्ला मात्र तोच. कर वाढवा म्हटलं की निवडणूक हरायची भीती. मग उरतो टोल. आमच्या हॉलमध्ये टोलच्या विरोधात टाळ्या वाजवणाऱ्यांना ‘मग पेट्रोलवर पाच सेंट जास्त देणार का?’ असं विचारलं असतं तर निम्मे हात खाली गेले असते. माझा वर राहिला असता का? तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास राज्यभर आणखी मोठं वादळ उठलं होतं. गव्हर्नर रिक पेरी यांनी २००२ मध्ये ‘ट्रान्स-टेक्सास कॉरिडॉर’ची घोषणा केली होती. रस्ते, रेल्वे, पाइपलाइन सगळं एकत्र नेणारे हजारो मैलांचे पट्टे, काही ठिकाणी १२०० फूट रुंद, खासगी कंपन्या बांधणार आणि टोल घेणार. जमिनी जाणार होत्या शेतकऱ्यांच्या. शेजारच्या आजोबांच्या भावाचं रान त्या बाजूला होतं, म्हणून त्यांचा आवाज इतका चढलेला. शहरातले प्रवासी आणि खेड्यातले शेतकरी एका बाजूला आले आणि सरकारला ते जड गेलं. २००७ मध्ये खासगी टोल करारांवर बऱ्याच अंशी स्थगिती आली, २००९ मध्ये राज्याच्या रस्ते खात्याने कॉरिडॉर गुंडाळल्याचं सांगितलं, आणि २०११ मध्ये तो कायद्यातूनही पुसला गेला. टेक्सासच्या कायद्यात अशीही अट आली की जुन्या मोफत रस्त्यावर टोल आणायचा तर आधी होत्या तेवढ्या मोफत लेन शिल्लक ठेवायच्या.

खासगी टोल रस्ता कसा चालतो त्याचा नमुना आम्हाला दक्षिणेला मिळाला. एसएच १३० रस्त्याचा ४१ मैलांचा तुकडा स्पेनच्या आणि सॅन अँटोनियोच्या कंपन्यांनी मिळून बांधला, ५० वर्षांच्या कराराने. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाला, वेगमर्यादा ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर, देशात सगळ्यात जास्त. रस्ता सुंदर, पण गाड्याच नाहीत. मार्च २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ट्रकवाले मात्र शहराच्या मधोमध, आय-३५ वर, तुंबलेलेच.

याच काळात आमच्या कोल्हापुरात टोलचं आंदोलन पेटलं. माझं माहेर गगनबावडा रोडला बालिंग्याचं. शहरात जायचं तर फुलेवाडीवरून. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते २२० कोटींच्या प्रकल्पात झाले होते, आणि त्या बदल्यात तीस वर्षं टोल. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे सगळं शहर रस्त्यावर आलं. माझे वडील, तात्या, निवृत्त शिक्षक, वय सत्तर पार, तेही मोर्च्यात. मी फोनवर काळजी करत होते.

‘तात्या, तुम्ही कशाला गेलात उन्हातान्हात?’

‘मग काय घरात बसून पेपर वाचू व्हय? अगं, गाव आमचं, रस्ता आमचा, चुलत्याचा भाजीचा टेम्पो रोज मंडईला जातो. आमच्याच दारात नाका?’

‘करार झालाय म्हणतात ना पण?’

‘झालाय खरा. तवाच कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. आम्ही झोपलो होतो. तू तिकडं विचारलंस की, चांगलं केलंस.’

नऊ वर्षांपूर्वीची माझी तीन मिनिटं तात्यांच्या लक्षात होती, हे मला तेव्हा कळलं.

जानेवारी २०१४ मध्ये कोल्हापुरात नाके जळाले. जाळपोळीचं मी समर्थन करत नाही, तात्याही करत नव्हते. शेवटी २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. पानसरे तो दिवस पाहायला नव्हते, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. कंत्राटदाराचे पैसे सरकारला भागवावे लागले, म्हणजे फिरून लोकांच्याच खिशातून. कोल्हापूर जिंकलं, पण करार झाल्यावर जिंकायला फार महाग पडतं. आमच्याकडे पुलावर कॅमेऱ्याची कमान उभी राहण्याआधी आरडाओरड झाली, म्हणून ती स्वस्तात पडली. आंदोलनाचा जोर कोल्हापूरचा घ्यावा आणि वेळ ऑस्टिनची, असं मला आता वाटतं.

इकडे पुढे काय झालं? थोडं जिंकलं, थोडं हरलं. २०१४ च्या नोव्हेंबरात मी नागरिक म्हणून पहिल्यांदा मत दिलं. तेल आणि वायूवरच्या कराचा काही हिस्सा रस्त्यांना द्यावा, असा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव होता. पुढच्याच वर्षी विक्रीकराचा हिस्सा देण्याचा आला. दोन्ही भरघोस मतांनी मंजूर झाले आणि दोन्हींत अट होती की हा पैसा टोल रस्त्यांवर खर्च करायचा नाही. हॉलमधल्या त्या ‘मग पैसे कुठून आणणार?’ या प्रश्नाचं दहा वर्षांनी मिळालेलं निम्मं उत्तर ते. आमच्या जवळचा ओक हिलचा चौक, जो टोलच्या यादीत वर्षानुवर्षं होता, त्याचं काम २०२१ मध्ये सुरू झालं, टोलशिवाय. आय-३५ चं रुंदीकरणही टोलशिवाय चाललंय, जरी त्यात घरं-दुकानं जातात म्हणून आता त्यावर वेगळं भांडण आहे. मुळात रुंद करूच नका, बस आणि रेल्वे आणा, असं म्हणणारी नवी पोरं आता माइकसमोर उभी असतात. त्यांचंही मला बरंच पटतं.

पण उत्तरेला १८३ए झाला, पूर्वेला २९० आणि १८३ वर टोल आला, आणि मोपॅकवरही २०१७ मध्ये अकरा मैलांची एक्स्प्रेस लेन पूर्ण झाली. तिचा दर गर्दीप्रमाणे चढतो-उतरतो. आणि कबूल करते, मी ती वापरते. लिअँडरला मराठी मंडळींकडे गणपतीला जायचं तर १८३ए नेच जातो. टॅग आहे, पैसे कापले जातात, कळतही नाही.

कळतं ते इतरांना. आमच्या ऑफिसात संध्याकाळी सफाईला येणारी बाई मेनर गावाहून येते. शहरातलं भाडं परवडेना म्हणून तिकडे गेली. वाटेत २९० चा टोल. ती कडेच्या रस्त्याने, प्रत्येक सिग्नलला थांबत येते. आणि आपल्याकडचा एक विद्यार्थी, जुनी गाडी घेतली, टॅग नव्हता, टॅगवाल्यांपेक्षा जास्त दराची बिलं पोस्टाने जुन्या पत्त्यावर गेली. त्याच्या हातात कागद पडला तेव्हा टोलपेक्षा विलंबाचा दंड मोठा झाला होता. ज्याच्याकडे वेळ कमी आणि पैसा बरा, त्याला टोल सोयीचा. ज्याच्याकडे दोन्ही कमी, त्याला तो भोवतो. २००४ मध्ये मी माझ्या पाळणाघरासाठी बोलले होते. आज कोणी माइक दिला तर त्या बाईसाठी बोलेन.

म्हणून वाचकांना एक विनंती. फ्रिस्को असो, शार्लट असो की पुण्याचा रिंगरोड, आपलं घर ज्या बाजूला वाढतंय तिथला पुढच्या वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा एकदा उघडून बघा. पैसा कुठून येणार ते वाचा. सुनावणीची तारीख शोधा आणि जा. व्हिसावर असलात तरी जा. टोलच्या बाजूने बोलायचं असेल तर तसं बोला, पण काँक्रीट पडायच्या आधी बोला.

शेजारचे आजोबा आता नाहीत. तात्या २०१६ मध्ये, कोल्हापूरचा टोल गेल्यावर, महिनाभर आमच्याकडे आले होते. विमानतळावरून घरी आणताना विल्यम कॅननच्या पुलावर चढलो, तेव्हा मुलगा मागून म्हणाला, ‘आजोबा, हा आईचा पूल!’ तात्यांनी चष्मा सारखा करून बाहेर बघितलं. कमान नाही, कॅमेरा नाही.

‘ह्याला किती घेतात गं?’

‘काही नाही, तात्या.’

‘बरं झालं,’ म्हणाले, आणि काच खाली करून वारा घेत बसले.